अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र आहे हे कसं पटवून द्यावं

अमेरिका मुळातच ख्रिस्ती राष्ट्र आहे, असं चारचौघांत ठासून सांगायचं असेल तर पहिलं पथ्य: तिची राज्यघटना वाचू नका. 1787 साली फिलाडेल्फियात उन्हाळाभर खल करून लिहिलेल्या त्या मसुद्यात येशूचं नाव नाही. उलट सहाव्या कलमात कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई आहे. फारच अडचण झाली तर शेवटच्या तारखेवर बोट ठेवा. ‘आमच्या प्रभूच्या वर्षी’ असं तिथे लिहिलंय. तेव्हा सगळेच तारीख तशी लिहीत, हे आपण होऊन सांगायला तुम्ही काय समोरच्याचे वकील आहात?

घटनेत देव हवाच असेल, तर तशीही एक घटना आहे. अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी 1861 साली आपल्या घटनेच्या प्रस्तावनेत सर्वशक्तिमान देवाची कृपा आणि मार्गदर्शन मागितलं होतं. प्रस्तावना मोठ्यानं वाचा आणि कागद लगेच घडी करून ठेवा. पुढे गुलामांवरच्या मालकीहक्काला धक्का लावणारा कायदा करता येणार नाही, असं कलम आहे.

राष्ट्रपित्यांची नावं सढळ हातानं घ्या. घटनासभेचं गाडं अडलं तेव्हा म्हाताऱ्या फ्रँकलिननं रोज प्रार्थनेनं सुरुवात करू असं सुचवलं, हे जरूर सांगा आणि तिथेच थांबून पाणी प्या. सूचना बारगळली, हे पुढचं कोणी विचारत नाही. जेफरसनबद्दल मात्र ‘ते बायबलचे गाढे अभ्यासक होते’ एवढंच बोला. अभ्यास झालाच होता. म्हातारपणी त्यांनी धारदार पातं घेऊन ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी बायबलांमधल्या ‘नव्या करारा’तून येशूची शिकवण कापून काढली आणि कोऱ्या पानांवर शेजारी शेजारी चिकटवली. चमत्कार वगळले. पुनरुत्थानही वगळलं. त्यांचं पुस्तक येशूच्या थडग्याच्या तोंडाशी धोंडा लोटून लोक निघून जातात, तिथेच संपतं.

उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेल्या तहाचं नाव निघालं तर फोन आल्यासारखं करून उठा. 1797 साली सिनेटनं एकमतानं मंजूर केलेल्या आणि राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी सही केलेल्या तहात, अमेरिकेचं सरकार कुठल्याही अर्थानं ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, असं चक्क लिहिलंय. याला उत्तर मलाही सापडलेलं नाही.

मग आणखी मागे जा, इंग्लंडहून येऊन वसलेल्या कडव्या प्रोटेस्टंटांकडे, म्हणजे प्युरिटनांकडे. ते पक्के ख्रिस्ती, यात वादच नाही. इतके पक्के, की मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला आणि पुढच्याच वर्षी मेरी डायरला बॉस्टनमध्ये फासावर चढवलं. तीही ख्रिस्तीच होती, पण क्वेकर या वेगळ्या पंथाची. 1844 साली फिलाडेल्फियात तर शाळेत बायबल प्रोटेस्टंटांचं वाचायचं की कॅथलिकांचं, यावरून दंगली पेटल्या, कॅथलिक चर्चं जाळली गेली, माणसं मेली. तेव्हा ‘ख्रिस्ती म्हणजे नक्की कोणते?’ असं विचारणाऱ्याला शक्यतो लांबच बसवा.

शेवटी हुकमाचा एक्का: खिशातली डॉलरची नोट. ‘देवावर आमचा विश्वास आहे’ हे वाक्य तिच्यावर छापलेलं आहे. ते राष्ट्राचं ब्रीदवाक्य झालं 1956 साली आणि नोटेवर आलं 1957 साली, नास्तिक रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात असताना. पण हे सांगताना चेहरा असा ठेवा, की वॉशिंग्टननं स्वतःच छापखान्यात उभं राहून ते छापून घेतलं असावं. ध्वजाच्या प्रतिज्ञेतली ‘देवाच्या छत्राखाली’ ही भरही 1954 सालची. मूळ प्रतिज्ञा 1892 साली फ्रान्सिस बेलामी या बाप्टिस्ट पाद्र्यानं लिहिली होती, तीत देव नव्हता. पाद्र्याला जे सुचलं नाही ते काँग्रेसला, म्हणजे अमेरिकन संसदेला, 62 वर्षांनी कसं सुचलं, असं कोणी विचारलंच, तर तो पाद्री समाजवादी होता म्हणून सांगा. ते खरंही आहे. तुमच्या अख्ख्या भाषणात निदान एक वाक्य तरी तपासून बघता येईल असं होईल.