पाचशे एकर मका आणि चांद्रयानाचं बिल

ऑगस्ट लागला की इथे कॅनडात, कॅलगरीत रस्त्याच्या कडेला ट्रक लावून लोक टेबरचा मका विकायला बसतात. टेबर हे इथून दक्षिणेकडचं छोटंसं गाव, पण त्याच्या मक्याचं कौतुक विचारू नका, आपल्याकडे देवगड हापूसवरून चालतं ना तसंच, खरा टेबरचाच आहे का म्हणून विकणाऱ्याकडचं सर्टिफिकेट बघतात लोक. मी दरवर्षी डझनभर कणसं आणते, बार्बेक्यूवर भाजते, लिंबू तिखट मीठ चोळते, आणि बटर लावून खाणारे शेजारी माझ्याकडे संशयाने बघतात.

तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे सगळं चालू असताना सांगलीहून काकांचा फॉरवर्ड आला. चांद्रयान-३ उतरलं तोच आठवडा. इंटरस्टेलर या हॉलिवूडच्या अवकाशावरच्या पिक्चरचं बजेट साडेसोळा कोटी डॉलर आणि आपलं चांद्रयान साडेसात कोटी डॉलरमध्ये, खाली चार झेंडे आणि इलॉन मस्कनेसुद्धा वा म्हटलं म्हणून विजयी मुद्रा. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. हे काही नवीन नव्हतं म्हणा, २०१४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी श्रीहरिकोट्याला मंगळयानाबद्दल हेच सांगितलं होतं, की ग्रॅव्हिटी नावाच्या हॉलिवूडच्या पिक्चरपेक्षा आपली मोहीम स्वस्त आहे. तेव्हा मी नुकतीच इकडे आले होते, आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला मी ते ऐकवलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण मधल्या काळात माझं डोकं थोडं बिघडलंय कारण माझं कामच कॉस्टिंगचं, पाइपलाइनची एस्टिमेटं करते मी, आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे तर आधी दोन्हीकडे स्कोप एक आहे का बघायचं ही सवय लागली. चांद्रयान-३ चे सुमारे ६१५ कोटी म्हणजे त्या एका मोहिमेचे, त्यात १९६३ पासून केरळात थुंब्याला ज्यांनी सायकलवरून रॉकेटचे भाग नेले त्यांची साठ वर्षं कुठे धरलीयेत? आणि पिक्चरच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासूनचा सुतार, ड्रायव्हर, जेवण, हॉटेल, सगळं त्याच एका वहीत. बरं, पिक्चर हा धंदा आहे, तिकिटं विकून पैसे परत आणायचे असतात, चंद्रावर उतरण्याचं तिकीट कोणी काढत नाही. त्यामुळे ही तुलना म्हणजे लग्नाच्या हॉलचं भाडं आणि मुलीच्या इंजिनीअरिंगची फी यांची तुलना, दोन्ही खर्च आहेत एवढंच साम्य.

आणि गंमत अशी की तो इंटरस्टेलर अर्धा आमच्या अंगणातला! २०१३ च्या उन्हाळ्यात त्याचं शूटिंग इथेच, आमच्या अल्बर्टा प्रांतात झालं, फोर्ट मॅकलाउड, लेथब्रिज, ओकोटोक्सच्या बाजूला. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनला मागे डोंगर हवे होते आणि पुढे मका हवा होता, आणि टेबरला मका येत असला तरी डोंगराजवळच्या त्या पट्ट्यात तो सहसा कोणी लावत नाही कारण थंडी. तर या गृहस्थाने काय करावं, पाचशे एकर मका खरोखर लावला. शेत तयार झालं, शूटिंग झालं, वाळूची वादळं उडवली, गाडी घातली त्यातून, आणि उरलेला मका विकून त्यावर नफा काढला. हे त्याने स्वतः सांगितलंय. माझ्या ऑफिसातल्या एकीचा नवरा सुतार आहे, ते शेतातलं घर बांधणाऱ्यांत तो होता, युनियनच्या रेटने, ओव्हरटाइमसकट. त्या महिन्यांत नवीन ट्रक घेतला म्हणते ती. म्हणजे आपण ग्रुपवर ज्या आकड्याला हसत होतो त्यातला एक तुकडा आमच्या पार्किंग लॉटमध्ये उभा आहे.

आता धंद्याचं बोलू, कारण घरी यावरही कायम वाद. दादाचं ठाम मत की ज्याने पहिल्या फेरीतच जगभरात ६८ कोटी डॉलर कमावले त्याला साडेसोळा कोटीचं काय कौतुक, चौपट पैसे. अरे बाबा, ते गल्ल्यात जमलेले पैसे, निर्मात्याच्या खिशात गेलेले नव्हेत. अमेरिकेत साधारण निम्मे थिएटरवाले ठेवतात. चीनमध्ये या पिक्चरने बारा कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, पण परदेशी स्टुडिओला तिथे तिकिटातला जेमतेम पाव वाटा मिळतो. मग जाहिरातीचा खर्च, जो बजेटच्या आकड्यात नसतोच आणि मोठ्या पिक्चरचा तो सहज दहा कोटी डॉलरच्या पुढे जातो. मग दोन स्टुडिओंत वाटणी, पॅरामाउंटकडे अमेरिका आणि वॉर्नरकडे बाकीचं जग, आणि वॉर्नरने यात शिरण्यासाठी फ्रायडे द थर्टीन्थ ही भयपटांची मालिका आणि साउथ पार्क या कार्टूनचा पुढचा पिक्चर यांतले आपले हक्क पॅरामाउंटला देऊ केले होते, म्हणजे बघा, अवकाशातल्या प्रेमकथेसाठी भयपटातला कोयतेवाला खुनी गहाण. हे सगळं वजा करून, टीव्ही-डीव्हीडी धरून, डेडलाइन या तिथल्या सिनेधंद्याच्या बातम्या देणाऱ्या साइटने नफ्याचा अंदाज काढला तो सुमारे ४.७ कोटी डॉलर. अडुसष्टातले पावणेपाच! आपल्याकडे पोस्टरवर हजार कोटी छापलं की लोक मिठाई वाटतात, त्यात जीएसटी किती, थिएटरचा वाटा किती, हे कोणी विचारत नाही. कल्कीच्या वेळी तेच, सहाशे कोटींचा पिक्चर आणि हजार कोटी गल्ला म्हणजे चारशे कोटी सुटले असं हिशेबात पक्का असलेला माझा भाऊ लिहितो. वजाबाकी बरोबर आहे, वही चुकीची आहे.

शिवाय हा हिशेब पहिल्या सहा महिन्यांतच संपत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दहा वर्षं झाली म्हणून अमेरिकेत तो परत आयमॅक्सला लावला आणि लोकांनी रांगा लावल्या. भारतात तेव्हा पुष्पा-२ ने आयमॅक्सचे पडदे अडवले होते म्हणून लागला नाही, आणि त्यावरून ऑनलाइन जी भांडणं झाली ती मी इथे बर्फात बसून पॉपकॉर्न खात वाचली, एका बाजूला पुष्पावाल्यांना अडाणी म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला यांना गोऱ्यांचे गुलाम म्हणणारे. शेवटी ७ फेब्रुवारी २०२५ ला भारतात लागला आणि दहा वर्षं जुना, घरबसल्या बघता येणारा पिक्चर बघायला पोरं परत थिएटरला गेली. तेव्हा खर्च कधी भरून निघाला हे नक्की कुठल्या तारखेला मोजायचं?

मला खरी टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. पिक्चरमधला तो जो काळा गोल, कृष्णविवर, जो सगळ्यांच्या वॉलपेपरवर असतो, तो डबल निगेटिव्ह नावाच्या लंडनच्या स्टुडिओने किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाची समीकरणं घेऊन केला, काही फ्रेमना एकेकीला शंभर तास लागले, आणि त्यातून पुढे एक रिसर्च पेपरही आला. पिक्चर रिलीज व्हायच्या काही महिने आधी, २०१४ मध्येच, हा स्टुडिओ मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडला गेला. म्हणजे २०१५ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं तेव्हा त्याचा एक धागा थेट मुंबईत होता, पण आमच्या ग्रुपवर याचा एक फॉरवर्ड आला नाही. का? कारण त्यात स्वस्त काही नव्हतं. आम्हाला अभिमान वाटायला किंमत कमी लागते.

माझा भाचा मुंबईतच अशा एका स्टुडिओत रोटो करतो, म्हणजे हॉलिवूडच्या नटाच्या केसांभोवती फ्रेम बाय फ्रेम रेघ काढत बसायचं, रात्री अकरा-बाराला सुटतो, आणि क्रेडिटमध्ये नाव आलं तर आलं. हे काम तिकडे का जातं हे मला कोणी सांगायला नको, कारण इकडे आमच्या ऑफिसातही एक एक्सेल आहे, त्यात एका कॉलमचं नाव लो कॉस्ट सेंटर आणि त्याखाली पुणे. मी इकडे येण्याआधी पाच वर्षं त्या कॉलममधली एक ओळ होते. माझा तासाचा दर तेव्हा काय लावला होता ते इकडे आल्यावर जुन्या फाइलमध्ये मला दिसलं, आणि ते बघून मला मंगळयानाचा अभिमान वाटला तसा अजिबात वाटला नाही हो.

आता तिकडे बसून बोलणं सोपं आहे असं दादा म्हणेल, आणि म्हणू दे, खरंच सोपं आहे, डॉलरात पगार घेऊन काटकसरीला नावं ठेवणं. इस्रोची काटकसर नुसती पगाराची नाहीये हेही मला कळतं, तुलनेने छोट्या रॉकेटवर पृथ्वीभोवती घिरट्या वाढवत वाढवत चाळीस दिवसांनी चंद्रावर उतरायचं ही डोक्याची कमाल आहे, आणि फॉरवर्ड करायचाच असेल तर तो करा ना. दक्षिण ध्रुवाजवळ आधी कोणी उतरलं नव्हतं, ते लिहा. किती रुपयांत उतरलो हे पहिल्या ओळीत कशाला?

यातलं कल्की आणि पुष्पाचं नंतरचं सोडलं तर बाकी सगळं मी २०२३ च्या त्या दिवशी ग्रुपवर असंच लांबलचक टाइप केलं होतं, एका हाताने कणसं फिरवत. दादाने निळी टिक दिली आणि गप्प. काकांचं उत्तर मात्र दहा मिनिटांत आलं. काकांनी चाळीस वर्षं बँकेत काढली पण मन कायम तासगावच्या शेतात. त्यांनी लिहिलं, ते सगळं राहू दे पोरी, मका थंडीत आला म्हणतेस, तर एकरी उतारा किती पडला?