निरोपाच्या भाषणात हिशेब हवा

पद सोडणाऱ्या माणसाने जाताना काय बोलावं, यावरून आमच्या गावात सध्या दोन तट पडले आहेत. गाव सिंधुदुर्गातलं, खाडीकाठचं. मी न्यू जर्सीत राहतो, पण चुलतभावाचा फोन आला की पाऊसपाण्याच्या आधी हाच विषय निघतो.

झालं असं. मुदत संपलेल्या सरपंचांचा देवळाच्या मंडपात निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ, पाच-सहा जणांची भाषणं. शेवटी सरपंच उठले आणि आभार मानून झाल्यावर खारबंधाऱ्याकडे वळले. उघाडीच्या, म्हणजे बंधाऱ्यातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या कुजल्या आहेत, भरतीचं पाणी आत येतं, दुरुस्तीचा प्रस्ताव एका कार्यालयात कागदांवाचून अडला आहे, असं ते सांगत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "जाताना कित्याक कोणाचा मन दुखवूचा? ह्यो विषय आज नको." सरपंचांनीही मग "काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या" म्हणून हात जोडले. पुढे पावसाळ्यातल्या उधाणाला उघाडी गेली आणि खारं पाणी लावणी झालेल्या कुणग्यांत, म्हणजे भातशेतीच्या तुकड्यांत, शिरलं. नव्या सरपंचांना कुठला कागद कुठे अडलाय हे ठाऊकच नव्हतं. एकदा खार चढली की पुढचे दोन-तीन पावसाळे ती जमीन धड पिकत नाही, हे खाडीकाठच्या कुणालाही सांगायला नको.

भावाचं म्हणणं असं की, निरोपाच्या दिवशी माणसाने गोडीने निघावं, हिशेबाला ग्रामसभा आहे. गावातली बरीच मंडळी त्याच मताची आहेत. मला ते पटत नाही. खुर्चीत असेपर्यंत माणसाला पक्ष सांभाळावा लागतो, पुढची निवडणूक असते, वरच्यांची मर्जी असते. या सगळ्यातून तो मोकळा होतो तो जातानाच, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याच्या खांद्यावर शाल घालून त्याला गप्प करतो.

अमेरिकेत जाताना स्पष्ट बोलायची प्रथा जुनी आहे. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं निरोपाचं भाषण खरं तर त्यांनी कधी बोलून दाखवलंच नाही. ते १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं. पक्षापक्षांतल्या वैराने देश पोखरला जाईल आणि परक्या सत्तांना शिरकाव मिळेल, असं त्यांनी त्यात बजावलं होतं. आजही दर फेब्रुवारीत त्यांच्या जयंतीच्या सुमारास सिनेटमधला एक सदस्य ते अख्खं वाचून दाखवतो. अध्यक्ष आयझेनहॉवर १७ जानेवारी १९६१ रोजी, पायउतार व्हायला तीन दिवस उरले असताना, टीव्हीवरून बोलले. लष्कर आणि शस्त्रं बनवणारे कारखाने यांचं साटंलोटं लोकशाहीच्या मुळावर येऊ शकतं, हा त्यांचा इशारा. बोलणारा माणूस दुसऱ्या महायुद्धातला सेनापती होता, त्यामुळे त्याला सैन्यद्वेष्टा म्हणायची सोय नव्हती.

पण इथलं सगळंच डोक्यावर घ्यावं असंही नाही. आयझेनहॉवर आठ वर्षं त्या पदावर होते. एवढा मोठा धोका दिसत होता तर तो शेवटच्या तीन दिवसांत का सांगावा, हा प्रश्न मला सुटत नाही. बायडन यांनीही १५ जानेवारी २०२५ रोजी मूठभर अतिश्रीमंतांच्या हाती सत्ता जात असल्याचा इशारा दिला, तोही असाच जाता जाता. २०२१ साली तर ट्रम्प यांचं निरोपाचं भाषण चित्रफितीतून आलं आणि दुसऱ्या दिवशी नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला ते थांबलेही नाहीत. म्हणजे नुसती प्रथा असून भागत नाही. इशारा देणं त्यातल्या त्यात सोपं. काय करायचं होतं, काय झालं नाही, कुणी अडवलं आणि आपण स्वतः कुठे कमी पडलो, हे सांगणं अवघड, आणि मला तेच हवं आहे.

आपल्याकडे मुदत संपणारे राष्ट्रपती २४ जुलैच्या संध्याकाळी देशाला उद्देशून निरोपाचं भाषण करतात. २०१७ साली प्रणव मुखर्जी यांनी सार्वजनिक जीवनातली हिंसा, शारीरिक तशीच शाब्दिकही, थांबवा असं कळकळीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी नव्या राष्ट्रपतींचा शपथविधी झाला आणि त्या भाषणाची चर्चा बघता बघता विरून गेली.

आणि हिशेब देऊन जाणं हे काही परदेशी खूळ नाही. कोकणाला तर ते अजिबात परकं नाही. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख राष्ट्रप्रमुख नव्हते, अर्थमंत्री होते. पण मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायच्या निर्णयावरून राजीनामा दिल्यावर जुलै १९५६ मध्ये ते लोकसभेत उभे राहिले आणि मंत्रिमंडळात चर्चाच न होता हा निर्णय कसा घेतला गेला, ते पंतप्रधानांसमोर सांगितलं. त्याच्या पाच वर्षं आधी, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडलं. १० ऑक्टोबर १९५१ रोजी ते निवेदन करायला सभागृहात आले, तर आधी प्रत द्या आणि संध्याकाळी बोला असं त्यांना सांगण्यात आलं. ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. हिंदू कोड बिलाचं काय झालं, दलितांच्या प्रश्नांकडे कसं दुर्लक्ष झालं, परराष्ट्र धोरण कुठे चुकतंय, सगळं त्यात मुद्देसूद आहे. त्यांना कुणी शाल घातली नाही, पण सरकारात आतून काय चाललं होतं हे आज आपल्याला कळतं ते त्या कागदामुळे.

म्हणून भावाला मी सांगितलंय की समारंभ खुशाल करा, पण त्याच्या आधी ग्रामसभेत एक विषय घ्या. मुदत संपणाऱ्या सरपंचाने पाच वर्षांचं लेखी निवेदन वाचायचं: पुरी झालेली कामं, अडलेली कामं आणि ती कुठल्या टेबलावर अडलीत ते. वाचताना मध्ये कुणी थांबवायचं नाही. निवेदन जसंच्या तसं इतिवृत्तात जाईल, आणि त्याची एक प्रत नव्या सरपंचाने त्याच दिवशी सही करून ताब्यात घ्यावी.