आण्णा मेजर नाहीत, सुभेदार आहेत

गेल्या १५ ऑगस्टला तालुक्यातल्या एका शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होता. माईकवरून आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव पुकारलं गेलं, "आता सत्कार स्वीकारतील निवृत्त जवान..." आण्णा उठले, शाल-श्रीफळ घेतलं, मुलांकडे बघून हात जोडले आणि जागेवर येऊन बसले. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री ताटावर बसल्यावर एवढंच म्हणाले, "जवान मी चौऱ्याऐंशीला होतो गं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण मला ते वाक्य अजून टोचतंय, म्हणून लिहिते आहे.

जवान हा शब्द मला मुळीच कमी वाटत नाही. आण्णा स्वतः १९८४ मध्ये बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले आणि त्याचा त्यांना आजही अभिमान आहे. पण २०१४ मध्ये ते घरी आले ते सुभेदार होऊन. मधली तीस वर्षं कुठे गेली? शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. यातली एकही पायरी आपोआप चढता येत नाही. प्रत्येकीसाठी कोर्स असतात, परीक्षा असतात, जागा निघण्याची वाट बघणं असतं आणि आपल्यासोबत भरती झालेला मित्र मागे राहिलेला बघणंही असतं.

लहानपणी आम्हाला आण्णांचं प्रमोशन पत्रावरून कळायचं. अंतर्देशीय पत्राच्या मागच्या बाजूला त्यांचा नंबर, मग रँक, मग नाव आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.' हा फौजी टपालाचा पत्ता असायचा. आई पत्र फोडायच्या आधी उलटं करून ती ओळ वाचायची. १९९९ मध्ये एके दिवशी त्या ओळीत नाईकच्या जागी हवालदार आलं. आईने ते पत्र न फोडताच देवापुढे ठेवलं आणि साखर आणायला मला दुकानात पिटाळलं. त्या काळी फोन शेजारच्या गावात होता. नवऱ्याची नोकरी कशी चाललीय हे त्या बाईला त्या एका शब्दावरून समजत होतं.

आमच्या सातारा जिल्ह्यात सुट्टीवर आलेला कुठलाही फौजी 'मेजर' असतो. काल भरती झालेलं पोरगं एसटीतून उतरलं की पारावरची माणसं हाक मारतात, "काय मेजर, कवा आलासा?" त्यात माया आहे आणि त्या म्हाताऱ्या माणसांना कुणी दुरुस्त करावं असं मी कधीच म्हणणार नाही. आण्णासुद्धा हसून ओ देतात. पण तीच हाक फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेत, पेपरात आणि शाळेच्या स्टेजवर जाते, तेव्हा तिचा दगड होतो. मेजर हा कमिशन्ड अधिकारी, म्हणजे सुभेदाराच्याही वरच्या फळीतला. न मिळालेला हुद्दा नावापुढे लागला की खऱ्या फौजी माणसाला चारचौघांत अवघडल्यासारखं होतं. आणि मिळालेला हुद्दा गाळला की तो आतल्या आत दुखावतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'सुभेदार मेजर' या हुद्द्याचा. हा पलटणीतला सर्वांत ज्येष्ठ जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर; नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे तिघंही जेसीओ. लोक त्यातला सुभेदार गाळतात आणि मेजर ठेवतात. खांद्यावर बघितलंत तर फरक लगेच कळेल. मेजरच्या खांद्यावर अशोकचिन्ह असतं आणि सुभेदार मेजरच्याही असतं, पण त्याच्याकडे खाली एक रंगीत फीत असते. तसंच लेफ्टनंटचे दोन तारे आणि सुभेदाराचेही दोनच, पण सुभेदाराच्या ताऱ्यांखाली फीत. आण्णांच्या काळ्या ट्रंकेत कापडात गुंडाळलेले ते दोन तारे आहेत. त्यांच्याखालची फीत एकदा उसवली, तेव्हा आईने ती स्वतः टाचून दिली होती. तिचा टाका अजून दिसतो.

आणि आता ती गोष्ट, जी मला या पोस्टमध्ये सांगायचीच होती. पलटणीच्या एका कार्यक्रमाला मी आण्णांबरोबर बेळगावला गेले होते. एक लेफ्टनंट आला, तेवीस-चोवीस वर्षांचा, माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. आण्णा त्याला बघून ताडकन उभे राहिले, "जय हिंद, साहब." तोही तितकाच ताठ उभा राहिला, "जय हिंद, साहब." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "साहब, आप बैठिए." दोघंही एकमेकांना साहेबच म्हणत होते. हुद्द्याने तो मोठा, म्हणून आण्णांनी त्याला साहेब म्हटलं. पण जेसीओला अधिकाऱ्यानेही साहेबच म्हणायचं ही आपल्या सैन्याची जुनी रीत आहे. कर्नलसुद्धा 'सुभेदार साहब' म्हणूनच हाक मारतो, नुसत्या नावाने नाही. अकादमीतून नव्याने आलेल्या त्या पोराला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. आमच्या तालुक्यातल्या स्टेजवर ते कुणी शिकवलेलं नसतं.

खरं तर हे शब्द आपल्याला परके नाहीत. शिवकाळातल्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक असायचा आणि पाच नाईकांवर एक हवालदार. गडाचा कारभार ज्याच्या हवाली, तोही हवालदारच. बाबासाहेबांच्या वडिलांना आपण आजही 'सुभेदार रामजी' म्हणतो. ते सुभेदार मेजर होते आणि तो हुद्दा त्यांच्या नावापासून कधी सुटा झाला नाही. पुढे हवालदार म्हटलं की लोकांना फक्त नाक्यावरचा पोलीस आठवू लागला. जमादार शब्दाची तर इतकी परवड झाली की सैन्यात १९६५ मध्ये त्या हुद्द्याचं नाव नायब सुभेदार झालं. पण नाईक, हवालदार, सुभेदार टिकले. ज्या भाषेने हे शब्द तीनशे वर्षं सांभाळले, तिनेच आता सगळ्यांना मिळून 'जवान' करून टाकावं?

हुद्दा गाळला की पराक्रमाची गोष्टही अर्धी राहते. १९६५ मध्ये खेमकरणला पॅटन रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद आपल्याला 'वीर' म्हणून माहीत आहेत. त्यांचा हुद्दा कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. म्हणजे कंपनीचं सामानसुमान, कपडालत्ता, रसद बघणारा माणूस. तो माणूस जीपवरची तोफ घेऊन रणगाड्यांसमोर गेला, हे त्या लांबलचक हुद्द्यातूनच कळतं. इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशीनगनवर चालून गेलेले यशवंत घाडगे नाईक होते. नाईक म्हणजे सेक्शनचा, दहाएक जणांच्या तुकडीचा, म्होरक्या. त्यांची बाकीची सगळी तुकडी गोळीबारात पडली होती आणि म्होरक्या एकटा पुढे गेला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. तिथे गेलात तर 'नाईक' हा शब्द मोठ्याने वाचा.

आता ज्यांना कार्यक्रम करायचे असतात, पत्रिका छापायच्या असतात त्यांच्यासाठी थोडं सरळ सांगते. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. म्हणून 'निवृत्त सुभेदार अमुक' किंवा 'माजी सुभेदार अमुक' लिहू नका. 'सुभेदार अमुक अमुक (निवृत्त)' असं लिहा. लेफ्टनंट कर्नलना बोलताना कर्नल म्हटलेलं चालतं, तसंच मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरल या दोघांनाही जनरल म्हणतात, पण लिहिताना पूर्ण हुद्दा लिहायचा. जेसीओंना सन्मान म्हणून २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन हुद्दा मिळतो. तोंडाने कॅप्टन साहेब म्हणा, कागदावर 'ऑनररी' गाळू नका, त्या शब्दामागे अख्खी शिपायापासूनची नोकरी असते. घोडदळाच्या परंपरेतल्या रणगाडा रेजिमेंटमध्ये सुभेदाराला रिसालदार म्हणतात आणि हवालदाराला दफादार. नौदलाचा कॅप्टन हा सैन्यातल्या कर्नलच्या बरोबरीचा, तेव्हा 'कॅप्टन' ऐकलं की आधी कुठल्या दलातले ते विचारा. आणि हे काहीच लक्षात राहिलं नाही, तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक फोन करा. "साहेब, तुमची रँक काय लिहू?" एवढंच विचारा. कुठल्याही माजी सैनिकाला या प्रश्नाचा राग येत नाही. आण्णांना तर हा प्रश्न आजवर एकाच आयोजकाने विचारला आणि त्या मुलाचं नाव ते अजून काढतात.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतला एक मुलगा ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा सुट्टीवर आला. बारीक केस, उन्हाने रापलेला, त्याची आई औक्षण करताना डोळे पुसत होती. सगळे "मेजर आला, मेजर आला" करत होते. संध्याकाळी तो आण्णांच्या पाया पडायला आला. आण्णांनी त्याला उठवून समोर उभं केलं आणि विचारलं, "रँक?"

पोरगं सावधानमध्ये गेलं. "अग्निवीर, साहेब."

"बस, अग्निवीर," आण्णा म्हणाले आणि आईला दोन कप चहा टाकायला सांगितला.