‘कंपनीचं मॅन्युअल पुरे’? तिथेच गफलत होते

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत एक मेसेज सारखा फिरतो: ‘कंपनीचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल डाउनलोड करा आणि त्यात लिहिलंय ते डोळे झाकून करा. बाहेरची मॅन्युअल्स, पार्ट्स कॅटलॉग, व्हिडिओ, सगळं फालतू.’ मूळ मॅन्युअल हवंच. माझी हरकत आहे ती ‘डोळे झाकून’ला.

डाउनलोड करा, पण कुठल्या सालचं? एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 पर्यंत बनत होती. 1964 मध्ये तिच्या क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आले, 1967 मध्ये पॉझिटिव्ह अर्थ जाऊन निगेटिव्ह आला, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाऐवजी ऋण टोक बॉडीला जोडलं जाऊ लागलं. नाव मात्र तेच. तेव्हा आधी चेसिस नंबर बघायचा, मग मॅन्युअल शोधायचं. पुसट स्कॅनमध्ये 3 आणि 8 सारखेच दिसतात (मी फसलोय). टॉर्कचं (बोल्ट किती जोराने आवळायचा, त्या आकड्याचं) एकक पाउंड-फूट की पाउंड-इंच हे नीट वाचलं नाही, तर चूक थेट 12 पटींची होते.

‘लिहिलंय ते करा’ यातली गोम मोठी आहे. गाडी तीच राहिली, पण तिच्यात ओतायच्या वस्तू बदलल्या. मॅन्युअल म्हणतं, गिअरबॉक्समध्ये ईपी 90 तेल घाला. आज त्या नावाखाली बऱ्याचदा जीएल-5 दर्जाचं तेल हाती येतं, आणि त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडावेत म्हणून असलेल्या कड्यांना) बाधू शकतात. जुनी पुस्तकं शिसंयुक्त पेट्रोल गृहीत धरतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी होज खराब होतात, हे त्यांत कुठून असणार? काही जुनी मॅन्युअल्स तर ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवायला सांगतात. त्या काळच्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक असलेलं ॲस्बेस्टॉस असायचं. हे मुळीच करू नका, ओल्या फडक्याने पुसा.

बाहेरची मॅन्युअल्स फालतू? कंपनीचं पुस्तक प्रशिक्षित मेकॅनिकसाठी असतं. ‘अमुक नंबरचं खास टूल लावा’ एवढं सांगून ते पुढे जातं, आणि ते टूल आपल्याकडे नसतं. हेन्स या ब्रिटिश प्रकाशनाचं पहिलं मॅन्युअल 1966 मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर निघालं. गाडी प्रत्यक्ष खोलून टिपलेले फोटो हे त्या मालिकेचं बळ. ‘जोडणी उलट क्रमाने करा’ हे त्यातलं वाक्य मात्र रात्री अकराला, हातात एक वॉशर उरलेला असताना, फार चिडवतं.

अशा वेळी पार्ट्स कॅटलॉगच कामी येतो. त्यातल्या सुट्या भागांच्या आकृतीत कुठला वॉशर कशामागे, सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) किती, सगळं क्रमाने दिसतं. एकच जादा पुस्तक घेणार असाल तर मी हेच सुचवेन.

व्हिडिओंचं म्हणाल तर टॅपेटचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) आवाज कागदावर ऐकू येत नाही, तेवढ्यापुरते ते बघावेत. आकडे त्यांतून घेऊ नयेत.

आणि ज्या गाडीचं वर्णन मॅन्युअलमध्ये आहे, ती कारखान्यातून निघालेली. आधीच्या मालकांनी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला असेल, कार्ब्युरेटर बदलला असेल, तर ते कुठल्याच पुस्तकात नसतं. त्यासाठी बॉनेट उघडून एक वही भरावी लागते. तिचं पहिलं पान बॅटरीची कुठली तार बॉडीला जोडलीय, याचं.