कोथरूडकरांनो, असेच निश्चिंत राहा

आमच्या गल्लीतला रस्ता उन्हाळ्यात गुळगुळीत झाला आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाइपलाइनसाठी उकरला. वर मुरूम टाकून मंडळी गेली ती गेलीच. परवा तक्रार घेऊन एका माजी नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथल्या पोराने खुर्ची दिली, चहा दिला, दिनदर्शिकेची गुंडाळी हातात ठेवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही तर आपलेच. जरा पलीकडच्या प्रभागाचं आवरू द्या, तिकडे फाइट टाइट आहे."

इतकं स्वच्छ राज्यशास्त्र मला कोणत्याही कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा 'सेफ सीट'मधल्या, म्हणजे निकाल आधीच ठरलेल्या मतदारसंघातल्या, माझ्या बंधुभगिनींसाठी चार हिताच्या गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे, रुसायचं तर कोथरूडसारखं रुसावं. पूर्वी आपण शिवाजीनगर मतदारसंघात मोडायचो, शिवसेनेच्या शशिकांत सुतारांचा काळ. २००९ ला कोथरूड वेगळा झाला आणि युतीत शिवसेनेचे चंद्रकांत मोकाटे आले. २०१४ ला युती तुटली, भाजपच्या मेधा कुलकर्णींनी त्याच मोकाट्यांना चौसष्ट हजारांनी हरवलं. २०१९ ला पक्षाने त्यांचं तिकीट कापून कोल्हापूरचे चंद्रकांत पाटील पाठवले. काय संतापलो होतो आपण! 'बाहेरचा उमेदवार नको' म्हणून कट्ट्याकट्ट्यावर परिसंवाद झडले. काँग्रेस-राष्ट्रवादीने तर उमेदवारच दिला नाही, मनसेच्या किशोर शिंदेंना पाठिंबा देऊन मोकळे झाले. आणि एवढ्या संतापाचा निकाल? पाटील पंचवीस हजारांनी विजयी. मग आपल्यालाच बहुधा चुकचुकल्यासारखं झालं. २०२४ ला एक लाख बारा हजारांची आघाडी देऊन भरपाई केली. समोर होते पुन्हा मोकाटे, या खेपेला मशालीवर. दहा वर्षांनीही विरोधकांना नवा चेहरा सापडू नये, हेही सेफ सीटचंच एक सुख.

दुसरी: मतदान सोमवारी असेल तर शुक्रवारीच बॅगा भरा. २१ ऑक्टोबर २०१९ सोमवार होता, १३ मे २०२४ सुद्धा सोमवारच. आयोगाला आपली किती काळजी!

तिसरी: दिवाळीतली उटण्याची पुडी जपून ठेवा. तिच्यावर हात जोडलेला फोटो असतो. प्रत्यक्ष दर्शन दुर्मिळ.

चौथी गोष्ट जरा लांबेल. लोकप्रतिनिधी असला काय नि नसला काय, आपलं काही अडत नाही, हे मनात पक्कं असू द्या. मार्च २०२३ मध्ये पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. आजारी असताना, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीतून ते कसब्याच्या प्रचाराला आले होते. त्या माणसाबद्दल मतभेद असतील, पण ते पुण्यात दिसायचे. त्यांच्या जागी पोटनिवडणूक व्हायला हवी होती. आयोगाने घेतली नाही. डिसेंबरात उच्च न्यायालय म्हणालं घ्या, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि लोकसभेची पुढची निवडणूक येईपर्यंत वर्षभराहून जास्त काळ पुण्याला खासदारच नव्हता. इकडे महापालिकेची मुदत मार्च २०२२ लाच संपलेली, नगरसेवकही नाहीत. म्हणजे खाली प्रशासक, वर रिकामी खुर्ची. आठवतंय का कुणाला? एखादा मोर्चा? एखादी सही-मोहीम, जिच्यावर तुम्ही सही केलीत? पेन्शनच्या रांगेत, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर कुठेही विषय निघाला का? नाही निघाला, कारण तिकीट कुणाला मिळणार यावर पैजा लावण्यात आपण गर्क होतो.

आणि त्याच वर्षी कसब्यात बघा काय झालं. बापटांचा तो बालेकिल्ला, १९९५ पासून भाजपचा. विधानसभेची पोटनिवडणूक अटीतटीची होतेय म्हटल्यावर मुख्यमंत्र्यांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे पेठांच्या बोळांतून फिरले. कधी न दिसलेली माणसं जिने चढली. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर अकराएक हजारांनी निवडून आले आणि पुढच्याच वर्षी विधानसभेला कसबा परत भाजपकडे गेला. तो भाग सोडा. पण त्या दोन वर्षांत कसब्याची विचारपूस जितकी झाली तितकी आपली कधी झाली?

२०२९ चं भाकीत हवंय? त्याला पंचांग लागत नाही. उमेदवार दिल्ली-मुंबईत ठरेल, विरोधक अर्ज भरायच्या आदल्या रात्री जागे होतील, आणि आपल्यातले निम्मे लोक घरी बसून आघाडीचा आकडा टीव्हीवर बघतील. लोकसभेला २०१९ मध्ये पुण्यात पन्नास टक्केसुद्धा मतदान झालं नव्हतं. २०२४ ला त्रेपन्न-चोपन्नवर गेलं तर आपण पाठ थोपटून घेतली!

मला त्या पोराचा राग नाही. तो खरं बोलला. राग तुमचा येतो. घरात दोन इंजिनिअर, एक डॉक्टर, भिंतीवर पदव्या, आणि मतदारयादीत नाव आहे का हे मतदानाच्या दिवशी सकाळी शोधता. कमळाला द्या, मशालीला द्या, इंजिनाला द्या, मला काही देणंघेणं नाही. पण तो माणूस दारात आला तेव्हा तुम्ही काय केलंत? रांगोळी काढलीत. औक्षण केलंत. निरांजनाचं ताट हातात असताना एकाने तरी विचारलं का, की टेकडीवरून जाणार असलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचं तुमचं नक्की काय म्हणणं आहे, टेकडीच्या बाजूने आहात की रस्त्याच्या? नाही विचारलंत. फोटो काढलात आणि संध्याकाळी स्टेटसला लावलात.