हर्झल, खालिदीचे पत्र आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. इतक्या तळमळीने लिहिलेत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्रासाठी झायनवादी चळवळ उभारणारा थिओडोर हर्झल हा धर्मग्रंथातल्या वचनावर जमिनीचा हक्क सांगणारा धर्मवेडा होता, आणि पॅलेस्टिनी अरबांचे पुढे जे झाले ते पाहता माझ्या लेखातली त्याच्याविषयीची सहानुभूती अनाठायी आहे.

धर्मवेडाचा आरोप मला साफ अमान्य आहे. पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टचा भाग) १८६० साली जन्मलेला, व्हिएन्नात कायदा शिकलेला हा पत्रकार जर्मन संस्कृतीत मुरलेला होता. ज्यूंनी सामूहिक बाप्तिस्मा घ्यावा, ही कल्पनासुद्धा त्याने एकदा रंगवली होती. ‘डेर युडेनश्टाट’ (‘ज्यूंचे राष्ट्र’, १८९६) या पुस्तिकेत पॅलेस्टाइन की अर्जेंटिना हा प्रश्न त्याने खुला ठेवला आणि धर्मगुरूंनी आपल्या देवळातच राहावे, असे बजावले. झायनवाद्यांचे पहिले अधिवेशन म्युनिकऐवजी बाझेलला भरवावे लागले, कारण म्युनिकच्या ज्यू समाजानेच विरोध केला. रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाल्यावर, १९०३ मध्ये, ब्रिटिशांनी देऊ केलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या जमिनीचा विचार करावा, असे त्याने अधिवेशनाला सांगितले. त्यावर पॅलेस्टाइनच हवे असलेले रशियातले प्रतिनिधी भडकले.

सहानुभूती आहे, आणि ती राहील. फ्रान्ससारख्या क्रांतीच्या देशात देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली द्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याची पदचिन्हे उपटली जाताना त्याने बातमीदार म्हणून पाहिले. त्याच वर्षी, १८९५ मध्ये, व्हिएन्नात ज्यूद्वेषावर मते मागणारा लुएगर हा पुढारी निवडून येत होता. कितीही मिसळलो तरी हे आपल्याला आपले मानणार नाहीत, हा त्याचा निष्कर्ष भ्रम नव्हता. त्याची धाकटी मुलगी ट्रूड १९४३ मध्ये नाझींच्या टेरेझिएनश्टाट छावणीत मेली.

आता अरबांविषयी. इथे तुमची चीड मला पटते, पण दोष तुम्ही दाखवता तिथे नाही. हर्झलचा सगळा भरवसा सनदेवर, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये वसायला मिळणाऱ्या अधिकृत परवानगीवर होता. त्यासाठी तो जर्मनीच्या कैसरला भेटला, पॅलेस्टाइन ज्याच्या ताब्यात होते त्या तुर्की सुलतान अब्दुल हमीदला भेटला, रशियाचा गृहमंत्री प्लेव्हे यालाही भेटला. तिथे राहणाऱ्यांना विचारायला हवे, असे त्याला वाटलेच नाही. तेव्हाच्या युरोपातल्या साम्राज्यांची ही सवय त्याच्यात पुरती भिनली होती. आपल्या १८९५ च्या डायरीत तो लिहितो की गरीब स्थानिकांना आपल्या देशात काम नाकारून गुपचूप सीमेपार घालवावे. तेव्हा त्याच्या मनात नेमका कोणता देश होता, यावर वाद घालता येईल. वृत्तीवर नाही.

जेरुसलेमचा माजी नगराध्यक्ष युसुफ झिया खालिदी याने मार्च १८९९ मध्ये फ्रान्सचे प्रमुख रब्बी (ज्यू धर्मगुरू) झादोक काहन यांना पत्र लिहिले. ज्यूंचे त्या भूमीशी असलेले ऐतिहासिक नाते त्याने मोकळेपणाने मान्य केले, पण तिथे आधीच लोक राहतात, देवाच्या नावाने पॅलेस्टाइनला सुखाने राहू द्या, अशी विनवणी केली. पत्र हर्झलपर्यंत पोचले. त्याच महिन्यात त्याने उत्तर दिले: ज्यूंच्या पैशाने जमिनींचे भाव वाढतील, अरबांचा फायदाच होईल, त्यांना घालवायचा विचार कोण करणार? पुढे ‘आल्टनॉयलांड’ (१९०२) या कादंबरीत त्याने बिगरज्यूंना समान हक्क दिले, आणि नव्या समाजावर खूश असलेला रशीद बे रंगवला. हा अरब हर्झलच्या कल्पनेतला होता. खरा अरब, खालिदी, आधीच लिहून चुकला होता, आणि ते पत्र वाचूनही तो दोन वर्षांनी त्याच मागणीसाठी सुलतानाच्या दारात उभा राहिला. म्हणूनच त्याला माहीत नव्हते, हा त्याच्या चाहत्यांचा बचावही मी मान्य करत नाही.