‘जुनी गाडी म्हटली की तेल गळणारच’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्याभरात तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला एकच मेसेज आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: १५ वर्षांवरची गाडी तेल गाळणारच, मनावर घेऊ नका. घट्ट तेल टाका, बोल्ट आवळा, ऑइलचा दिवा लागला की थोडं तेल ओता. मागून ठिबकत असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय इलाज नाही. आणि नवख्याने यात हात घालू नये. आमच्याकडे १९९८ची झेन आहे. तिची गळती मी सहकारनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये थांबवली, आणि त्याआधी मी आयुष्यात कधी पाना धरला नव्हता. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक सल्ला दिव्याचा आहे. तो लाल दिवा तेलाची पातळी नव्हे, दाब दाखवतो. तो पेटला याचा अर्थ बेअरिंगपर्यंत तेल नीट पोचत नाहीये, आणि तसंच गाडी चालवत राहिलात तर काही मिनिटांतसुद्धा इंजिन जाऊ शकतं. दिवा लागला की गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं. पातळी कळण्यासाठी डिपस्टिक, म्हणजे तेलात बुडवून बघायची खुणांची पट्टी आहे. गळक्या गाडीची ती दर आठवड्याला बघावी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबून.

आता ‘मनावर घेऊ नका’. गळकं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं की धूर येतो, प्रसंगी आगही लागते. इंजिनाचे भाग तालात फिरवणाऱ्या रबरी टायमिंग बेल्टवर गेलं तर बेल्ट खराब होतो. आणि जे रस्त्यावर सांडतं त्याचं काय? पुण्यात जूनच्या पहिल्या सरीत रस्ते कसे निसरडे होतात ते दुचाकी चालवणाऱ्याला विचारा. घसरणाऱ्याला आपली गाडी कधी दिसतही नाही.

गिअरबॉक्सच्या मुद्द्यावर सविस्तर बोलायला हवं, कारण लोकांचे पैसे इथेच जातात. मलाही एका गॅरेजमध्ये गाडीखाली एकदा वाकून बघून सांगितलं, ‘मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ हे सील म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) गिअरबॉक्सकडे जिथे बाहेर येतो तिथली रबरी कडी. ते बदलायला गिअरबॉक्स काढावा लागतो हे खरंच आहे. पण तेल जिथे ठिबकतं तिथूनच ते गळतं असं मुळीच नाही. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण. तिथून निघालेला ओघळ ब्लॉकच्या पाठीवरून उतरतो, चालत्या गाडीतल्या वाऱ्याने आणखी मागे ढकलला जातो आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून टपकतो. मागचं सील गेलं तरी थेंब तिथेच पडतो. झेनसारख्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला असतो. त्याची रबरी ओ-रिंग कडक झाली तरी हाच देखावा. खालून पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसणार.

म्हणून आधी इंजिन धुवायचं. मी गार इंजिनावर डिग्रीजर मारून ब्रशने घासलं. डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते. सगळं कोरडं झाल्यावर प्रत्येक जोडाभोवती टाल्कम पावडर भुरभुरली, कात्रजपर्यंत एक फेरी मारली आणि रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागदावरचा डाग नेहमीच्याच जागी, पण पावडरीतली ओली काळी रेघ सुरू होत होती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. आमच्या पार्किंगला थोडा उतार आहे, तेल त्याच बाजूला धावत होतं. नुसत्या डागावर विश्वास ठेवला असता तर गिअरबॉक्स खाली आला असता.

टॅपेट कव्हरखालचं जुनं रबरी पॅकिंग काढलं तर ते बांगडीसारखं कडक, वाकवताच तुटलं. इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबराचं तेच होतं. हा दोष पॅकिंगचा, इंजिनाचा नाही. नवं पॅकिंग नाना पेठेत मिळालं.

‘बोल्ट आवळा’ हा सल्ला इथे उलटतो. मेलेलं पॅकिंग दाबल्याने जिवंत होत नाही. चेंबरचा (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा) पातळ पत्रा मात्र बोल्टाच्या भोकाशी वाकतो आणि दोन बोल्टांमध्ये फट पडते. अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले तर ते दुखणं वेगळंच. असल्या लहान बोल्टांना साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे १० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोचा भार. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मधून कडेकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं आवळा. सिलिकॉनही थापू नका, त्याचे तुकडे आत पडून चेंबरमधल्या तेलाच्या गाळणीत अडकतात.

घट्ट तेलाने थेंब थोडे मंदावतील, फट तशीच राहील, आणि गार इंजिन सुरू करताना तेल वरपर्यंत पोचायला उशीर होईल. बाटलीतल्या ‘लीक स्टॉप’ने सुकलेलं ऑइल सील कधीकधी थोडं मऊ पडतं, हे मान्य. फाटलेल्या पॅकिंगवर त्याचा उपयोग नाही. मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र जरूर तपासा: पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साठणारा वायू बाहेर काढणारी झडप. तो तुंबला की इंजिनातला दाब वाढतो आणि कालच बसवलेलं पॅकिंगही गळू लागतं.

राहिला नवखेपणा. टायमिंग बेल्टमागचं क्रँक सील किंवा खरोखरच गेलेलं मागचं सील जाणत्याकडेच न्यावं, तिथे मी हात घालणार नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीच जाऊ नये, खाली स्टँड लावलेच पाहिजेत. पण टॅपेट पॅकिंग, ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल फिल्टर ही कामं गार इंजिनावर, सावकाश, नवख्याला जमतात. तेल बदलताना निघालेलं जुनं तेल गटारात ओतू नका, इथलं गटार शेवटी मुठेला मिळतं. कायद्याने तो घातक कचरा आहे. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं तेल रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन देते.